एकाच नावाचे दोन संघ : इंडियाना १९७६ आणि आज



मागच्या व्याख्यानात आम्ही घाईघाईत म्हणून गेलो, की दोन काळांची तुलना करायची तर दोन्हीकडे तुलना करण्याजोगी एकच वस्तू आहे का ते आधी बघावं. त्यावर दोघातिघांनी लिहून विचारलं, की नुसतं बोलू नका, उदाहरण द्या. उदाहरण राज्यांचं द्यावं की घराण्यांचं, असं मनात चाललं होतं. शेवटी बास्केटबॉलचं द्यायचं ठरवलं. दचकू नका. आम्ही आयुष्यात कधी बास्केटबॉल खेळलो नाही, आणि आमची उंची बघितलीत तर कारणही कळेल. पण या उदाहरणाने आम्हाला दोन महिने झोपू दिलेलं नाही, म्हणून तेच घेऊन आलो.

आमची लेक अमेरिकेत इंडियानापोलिसजवळ राहते. इंडियाना राज्यात बास्केटबॉलचं वेड काय आहे हे सांगून कळत नाही. शेतातल्या कोठाराच्या भिंतीवर रिंग, गॅरेजच्या दारावर रिंग, चर्चच्या मागच्या अंगणात रिंग. २०२५ च्या नोव्हेंबरात जावयाने आम्हाला तासाभरावरच्या ब्लूमिंग्टनला नेलं. तिथे इंडियाना विद्यापीठाचं असेंब्ली हॉल आहे, १९७१ साली उघडलेलं, सतराएक हजार माणसं बसतील एवढं. आत शिरलं की आधी नजर वर जाते. पाच लाल पताका टांगलेल्या आहेत : १९४०, १९५३, १९७६, १९८१, १९८७. ही राष्ट्रीय विजेतेपदाची वर्षं. सत्याऐंशीनंतर सहावी पताका आलेली नाही, आणि हे दुःख तिथली माणसं घरातलं दुःख सांगावं तसं सांगतात.

आमच्या मागच्या रांगेत एक आजोबा आणि त्यांचा कॉलेजातला नातू बसले होते. वाद असा चालला होता, की हा समोरचा संघ आणि शहात्तरचा संघ भिडले तर काय होईल? आजोबा म्हणत होते, ही मुलं मध्यांतरापर्यंतसुद्धा टिकणार नाहीत. नातू म्हणत होता, ही मुलं जास्त ताकदीची, जास्त उंच उडणारी, लांबून अचूक नेम धरणारी. तुमच्या त्या संघाला चेंडूसुद्धा मिळणार नाही. दोघंही मनापासून बोलत होते. आम्ही पुढे बघत बसलो, पण कान मागे होते.

आधी शहात्तर म्हणजे काय ते सांगतो. १९७५-७६ च्या हंगामात इंडियानाने ३२ सामने खेळले आणि ३२ जिंकले. प्रशिक्षक होते बॉब नाइट. नेहमी मैदानात उतरणारे पाच जण म्हणजे स्कॉट मे, केंट बेन्सन, क्विन बकनर, बॉबी विल्करसन आणि टॉम अॅबरनेथी. पाचही पुढे एनबीएच्या निवडीत घेतले गेले. मे आणि बकनर त्याच उन्हाळ्यात मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून सुवर्णपदक जिंकून आले. शेवटच्या स्पर्धेतले पाच सामने आम्ही कागदावर मांडून बघितले : ९०-७०, ७४-६९, ६५-५६, ६५-५१, ८६-६८. म्हणजे सरासरी ७६ गुण केले आणि ६३ च्या आत दिले. यातला ६५-५१ चा सामना यूसीएलएविरुद्धचा, आणि यूसीएलए म्हणजे आधीच्या बारा वर्षांत दहा वेळा राष्ट्रीय विजेता झालेला संघ.

त्यानंतर आजपर्यंत पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये एकही संघ संपूर्ण हंगाम अपराजित राहून विजेता झालेला नाही. आता एक गंमत बघा. १९५६ ते १९७६ या २१ हंगामांत असं सात वेळा घडलं होतं. सॅन फ्रान्सिस्को, नॉर्थ कॅरोलायना, चार वेळा यूसीएलए, आणि इंडियाना. साधारण तीन वर्षांत एकदा घडणारी गोष्ट, आणि मग पन्नास वर्षं शून्य. जवळ बरेच आले. १९७९ मध्ये इंडियाना स्टेट ३३ सामने जिंकून अंतिम सामन्यात हरला. १९९१ मध्ये नेवाडाचा लास व्हेगसवाला संघ ३४ जिंकून उपांत्य फेरीत ड्यूककडून दोन गुणांनी हरला. २०१५ मध्ये केंटकीने ३८ जिंकले आणि ३९ वा गमावला. २०२१ मध्ये गोन्झागा ३१ जिंकून अंतिम सामन्यात बेलरकडून ८६-७० असा हरला. या शेवटच्या दोन्ही पराभवांची जागा इंडियानापोलिस! तिथल्या लोकांनी आपली मक्तेदारी शाबूत राहताना आपल्याच गावात बघितली.

मग काय म्हणायचं? पूर्वीचे संघ श्रेष्ठ होते? आजोबांचं तेच म्हणणं. पण इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा थांबायला हवं.

१९७६ चा खेळ आणि आजचा खेळ यांचं नाव एक आहे. तेव्हा तीन गुणांची रेषा नव्हती. ती देशभर आली १९८६-८७ च्या हंगामात. तेव्हा कितीही लांबून टाका, दोनच गुण. तेव्हा शॉट क्लॉक नव्हतं, म्हणजे अमुक सेकंदांत चेंडू बास्केटकडे टाकलाच पाहिजे असं बंधन नव्हतं. ते १९८५-८६ मध्ये ४५ सेकंदांचं आलं, मग ३५ झालं, २०१५ पासून ३० आहे. आणि तेव्हा डंक करायला, म्हणजे उडी मारून चेंडू वरून रिंगेत दाबायला, बंदी होती! १९६७ पासून कॉलेजांत ही बंदी होती आणि ती उठली १९७६-७७ मध्ये. म्हणजे तो अपराजित संघ हा डंकबंदीच्या शेवटच्या हंगामातला. नातू ज्या उडीबद्दल बोलत होता, ती उडी त्या मुलांना मारता येत नव्हती असं नाही. मारली असती तर गुणही मिळाले नसते आणि वर दंड झाला असता.

आता हे दोन संघ कोणत्या नियमांनी खेळवायचे? आजच्या नियमांनी खेळवलेत तर शहात्तरच्या मुलांना कधी न पाहिलेल्या रेषेसमोर उभं केलंत. जुन्या नियमांनी खेळवलेत तर आजच्या मुलांचं अर्धं शस्त्रागार काढून घेतलंत. तटस्थ मैदान नाहीच. प्रश्न चुकीचा आहे असं आम्ही म्हणत नाही. माणसं असे प्रश्न विचारणारच. पण ‘कोण जिंकेल’ या प्रश्नात ‘कशात’ हे गिळलेलं असतं.

बरं, अपराजित राहणंसुद्धा तेव्हा आणि आता एकाच मापाचं नाही. तेव्हा स्पर्धेत ३२ संघ, विजेत्याला पाच सामने. आज ६८ संघ, बहुतेकांना सहा सामने जिंकावे लागतात. एकेका पराभवाने बाद होण्याच्या स्पर्धेत एक जास्तीचा सामना म्हणजे एक जास्तीची अपघाताची संधी. त्यात तीन गुणांची रेषा आली. दुबळा संघसुद्धा एखाद्या संध्याकाळी लांबून दहाबारा चेंडू आत टाकतो आणि बलाढ्य संघ घरी जातो. पण हेही लक्षात घ्या, की १९७४ पर्यंत प्रत्येक गटाचा एकच संघ राष्ट्रीय स्पर्धेत जायचा. १९७५ पासून दुसऱ्यालाही दार उघडलं. त्यामुळेच शहात्तरमध्ये मिशिगन स्पर्धेत आला, आणि इंडियानाला आपल्याच बिग टेन गटातल्या, हंगामात दोनदा हरवलेल्या संघाला अंतिम सामन्यात तिसऱ्यांदा हरवावं लागलं. दोन वर्षं आधीच्या नियमाने मिशिगन तिथे नसताच. म्हणजे नियमबदलाने त्यांचंही काम अवघड केलं होतं. आजोबांच्या बाजूचा एवढा मुद्दा आम्ही मान्य करतो.

आणि नशीब? ते तर सगळीकडे आहे. मिशिगनविरुद्धचा फेब्रुवारीतला घरचा सामना इंडियाना जवळजवळ हरलेलाच होता. शेवटच्या क्षणी बेन्सनने चेंडू टिचकीसारखा ढकलला, बरोबरी झाली आणि जादा वेळेत सामना सुटला. त्या टिचकीत अर्धा सेकंद उशीर झाला असता तर आज ही पताका कदाचित असती, पण ३२-० हा आकडा नसता. उलट आधीच्या वर्षाचं बघा. १९७५ मध्ये तोच संघ सलग ३१ सामने जिंकला, आणि स्कॉट मेचा डावा हात मोडला. मार्चमध्ये केंटकीकडून ९२-९० असे हरले. दोन वर्षांत ६३ विजय आणि एक पराभव! अनेक जाणकार आजही म्हणतात की पंच्याहत्तरचाच संघ जास्त चांगला होता. पण पताका शहात्तरची आहे. इतिहास पताकेवरून लिहायचा की गुणवत्तेवरून, हा आमच्या विषयातला जुना तंटा. इथे तो दोन गुणांच्या फरकात बसलेला दिसतो.

इथपर्यंतचं सगळं आम्हाला अपेक्षित होतं. नियम बदलतात, मापं बदलतात, ठीक. आम्हाला अडकवलं ते वेगळ्याच गोष्टीने. सामना सुरू होण्यापूर्वी जावई खेळाडूंची ओळख करून देत होता आणि प्रत्येक नावापुढे दुसऱ्याच कॉलेजचं नाव सांगत होता. हा सॅम ह्यूस्टनहून आला, हा डेव्हिडसनहून, हा ट्रॉयहून, हा डिपॉलहून. आम्ही विचारलं, अरे मग इंडियानाचा कोण? तो हसला आणि म्हणाला, बाबा, सगळे इंडियानाचेच, मेमहिन्यापासून.

वस्तुस्थिती अशी आहे. मार्च २०२५ मध्ये डॅरियन डेव्हरीस नवे प्रशिक्षक म्हणून आले. ते स्वतः वेस्ट व्हर्जिनियातला एकच हंगाम करून आलेले. आणि २०२५-२६ साठी संघ उभा केला तेव्हा आदल्या हंगामातला शिष्यवृत्तीवरचा एकही खेळाडू त्यात उरला नव्हता. एकही नाही. कुणाचं शिक्षण संपलं, बाकीचे दुसरीकडे गेले. प्रशिक्षकांचा मुलगा टकर त्यांच्याबरोबर आला. तो आधी ड्रेकमध्ये वडिलांकडे खेळला, मग त्यांच्यामागून वेस्ट व्हर्जिनियात, मग इथे. ड्रेकच्या दिवसांतला आणखी एक खेळाडू होता. इंडियानातल्याच सांता क्लॉज नावाच्या गावचा (हो, असं गाव आहे) एक नवा विद्यार्थी होता. संघातल्या एका मुख्य खेळाडूचं आडनाव विल्करसन होतं, शहात्तरच्या विल्करसनसारखंच. आजोबांना त्या योगायोगाचा केवढा आनंद होता! जणू काहीतरी उरलं आहे.

आता तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाच्या डोक्यात इथे काय येणार ते तुम्ही ओळखलं असेल. प्लुटार्कने सांगितलेलं थीसियसचं जहाज. अथेन्सकर ते जहाज जपून ठेवत, फळी कुजली की नवी बसवत. सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच का? आपल्याकडे मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला रथाबद्दल हेच विचारतो : चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? पण मंडळी, दोन्ही उदाहरणांत इंडियाना बसत नाही. जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या. जुन्या फळीच्या शेजारी नवी बसली, तिने जुनीकडून वाक घेतला. इथे एका उन्हाळ्यात सगळं जहाज उतरवलं आणि त्याच धक्क्यावर, त्याच नावाचं, दुसरं बांधलं. उरलं काय? लालपांढऱ्या पट्ट्यांची सरावाची विजार, सत्तरीच्या दशकात आलेली, ती तशीच आहे. सभागृह तेच. पताका त्याच. आणि जर्सीवर पाठीमागे खेळाडूचं आडनाव न लिहिण्याची जुनी रीत. पुढे फक्त ‘इंडियाना’. शहात्तरमध्ये ती रीत म्हणजे, तू कोण ते महत्त्वाचं नाही, आपण कोण ते महत्त्वाचं, असं सांगणं होतं. आज त्याच कोऱ्या पाठीकडे बघून आम्हाला भाड्याच्या खोलीच्या दाराची आठवण झाली, जिथे पाटी लावायला कुणाला वेळ झालेला नसतो. (हे जावयाला सांगितलं तर तो रागावला. त्याचंही बरोबर असेल.)

शहात्तरच्या संघात मे, बकनर, विल्करसन, अॅबरनेथी आणि राखीव खेळाडू जिम क्रूज हे १९७२ साली एकत्र दाखल झालेले. चौथ्या वर्षाला एकमेकांची चाल, एकमेकांचा श्वास ओळखत होते. नाइट यांची आक्रमणाची पद्धत समजून घेतली की हे किती मोलाचं होतं ते कळतं. बरेच प्रशिक्षक ठरलेल्या चाली शिकवतात. एक नंबर म्हटलं की तू इकडे, तो तिकडे. नाइट यांच्या पद्धतीला मोशन ऑफेन्स म्हणतात. त्यात ठरलेली चाल नाही, तत्त्वं आहेत. चेंडू दिलास की उभा राहू नकोस. सोबत्याच्या पहारेकऱ्याची वाट अडव. समोरचा जसा वागेल तसं तू वळ. पुढचा पास कुठे जाणार हे आधी कुणालाच माहीत नसतं. पाचही जणांनी एकच परिस्थिती एकाच क्षणी एकाच अर्थाने वाचायची. गायक आणि तबलजी दहा वर्षं एकत्र बसलेले असले की सम कुठे येणार ते खुणेने सांगावं लागत नाही, तसं. हे शिकवता येतं, पण घाईने शिकवता येत नाही. दोन ऋतूंत व्याकरण येईल, भाषा यायला वर्षं लागतात.

अंतिम सामन्याचंच बघा. फिलाडेल्फियात, २९ मार्च १९७६. सुरुवातीलाच विल्करसनला कोपर लागलं, तो बेशुद्धसा झाला, त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. सहा फूट सात इंचांचा, संघाच्या बचावाचा कणा असलेला माणूस गेला. मध्यांतराला मिशिगन ३५-२९ असा पुढे होता. दुसऱ्या अर्धात इंडियानाने ५७ गुण केले. शॉट क्लॉक नाही, तीन गुण नाहीत, आणि २० मिनिटांत ५७! भर समुद्रात एक फळी निघाली आणि जहाज उलट वेगात गेलं, कारण बदली आलेल्या मुलांनाही तीच भाषा येत होती.

हे इतकं सुंदर आहे की इथे थांबण्याचा मोह होतो. जुनं ते सोनं म्हणायचं आणि टाळ्या घ्यायच्या. पण मग आम्ही इतिहास सांगितला असं होणार नाही.

विल्करसनच्या जागी मैदानात आलेल्यांत जिम विस्मन नावाचा मुलगा होता. त्याच हंगामात काही आठवडे आधी चुका केल्या म्हणून नाइट यांनी त्याला जर्सी धरून, भर सभागृहात, खेचून बसवलं होतं. त्याचं छायाचित्र वर्तमानपत्रांत आलं होतं. नाइट यांचा राग ही तेव्हा लोकांना कौतुकाची गोष्ट वाटायची, शिस्त म्हणायचे. २००० साली सरावात त्यांनी एका खेळाडूच्या गळ्याला हात घातल्याची चित्रफीत बाहेर आली, आणि त्याच सप्टेंबरात विद्यापीठाने त्यांना काढलं. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं ते त्या सभागृहात पाऊल ठेवायला आले नाहीत. ८ फेब्रुवारी २०२० ला आले, भोवती जुने खेळाडू, आणि सगळं सभागृह उभं राहून रडत होतं असं जावई सांगतो. २०२३ मध्ये ते गेले. प्रेम आणि भीती एकाच माणसाबद्दल असू शकते हे आपल्या शाळामास्तरांच्या पिढीला समजावून सांगायला नको.

पण मुद्दा एका माणसाच्या स्वभावाचा नाही, बांधणीचा आहे. ती मुलं चार वर्षं एकत्र राहिली हे खरं. ती राहिली, की त्यांना राहावं लागलं? त्या काळी कॉलेज बदललं तर एक वर्ष खेळायचं नाही, बाकावर बसायचं, असा नियम होता. आणि १९७३ पासून शिष्यवृत्ती चार वर्षांची न राहता एकेक वर्षाची, दरवर्षी नव्याने मंजूर होणारी झाली होती. म्हणजे विद्यापीठाला दर वर्षी हात सोडता येत होता, मुलाला मात्र सोडायचं तर वर्ष गमवावं लागे. प्रशिक्षकाला असं काही नव्हतं. तो उद्या दुसरीकडे जाऊन परवा तिथे उभा राहू शकत होता. पैसा तर विचारूच नका. शिकवणी, जेवण, खोली, पुस्तकं. सभागृह भरायचं, दूरचित्रवाणीवर सामने दिसायचे, आणि मुलांनी एक रुपया, म्हणजे एक डॉलर, घेतला तर तो अपराध.

त्याच वर्षी, त्याच राज्यात, एक मुलगा बाकावर बसला होता. त्याचं नाव लॅरी बर्ड. हो, तोच. फ्रेंच लिक या लहान गावातला. १९७४ च्या शरदात तो इंडियाना विद्यापीठात, नाइट यांच्याकडेच आला होता. एवढ्या मोठ्या आवारात त्याचा जीव रमेना. खिशात पैसे नव्हते. महिना व्हायच्या आत परत गेला. गावच्या नगरपालिकेत कामाला लागला, कचऱ्याच्या गाडीवरही काम केलं. पुढच्या वर्षी टेरे हॉटच्या इंडियाना स्टेटमध्ये दाखल झाला, आणि नियमाप्रमाणे १९७५-७६ चा अख्खा हंगाम त्याला सामने खेळता आले नाहीत. शंभरेक किलोमीटरवर ब्लूमिंग्टनमध्ये इतिहास घडत होता, आणि त्या राज्यातला कदाचित सगळ्यात गुणी खेळाडू सरावापुरता खेळत होता. तीन वर्षांनी ३३ सामने जिंकून अंतिम सामन्यात हरलेला जो इंडियाना स्टेटचा संघ मघाशी सांगितला, तो बर्डचाच.

आजचा बर्ड काय करेल? एप्रिलमध्ये ट्रान्सफर पोर्टलवर नाव नोंदवेल आणि नोव्हेंबरात दुसरीकडे खेळेल. २०२१ पासून एकदा, आणि २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पाळून कितीही वेळा, वर्ष न गमावता कॉलेज बदलता येतं. १ जुलै २०२१ पासून स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमावता येतात. त्याच्या काही दिवस आधी अॅल्स्टन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला होता. आणि २०२५ च्या जुलैपासून विद्यापीठं स्वतः खेळाडूंना वर्षाला मिळून सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत वाटा देऊ शकतात. हे न्याय्य आहे असं आमचं मत आहे, ते स्पष्टच सांगतो. ज्याच्या घामावर सभागृह भरतं त्याला वाटा मिळावा, आणि ज्याचा जीव रमत नाही त्याला जाता यावं.

मग आमची झोप का उडाली? कारण जे सुंदर होतं आणि जे अन्यायाचं होतं, ते एकाच दोरीने बांधलेलं निघालं. दोरी कापली, कापायलाच हवी होती, तर दोन्ही सुटलं. चार वर्षांची ती भाषा त्या बंधनातून आली होती, निदान अंशतः. बकनरला विचारलं तर तो म्हणेल, आम्ही आपखुषीने राहिलो. तो पुढे त्याच विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाचा अध्यक्ष झाला, त्याच्या शब्दावर शंका घ्यायचं कारण नाही. पण ज्याला दार उघडं नव्हतं त्याने ‘मी दारातून गेलो नाही’ म्हणणं, आणि उघड्या दाराशी उभं राहून तेच म्हणणं, यात फरक आहे. तो फरक त्या पिढीच्या बाबतीत आपल्याला आता कधीच मोजता येणार नाही.

इथे एक पुरावा आमच्या विरुद्ध जातो, तोही ठेवतो. बदली होऊन आलेले खेळाडू घेऊन संघ होतच नाही असं नाही. २०२५ चा विजेता फ्लोरिडा बघा. त्याचे कितीतरी महत्त्वाचे खेळाडू दुसऱ्या कॉलेजांतून आलेले. गोन्झागाला हरवणाऱ्या बेलरमध्येही डेव्हियन मिचेल, मॅसियो टीग हे बाहेरून आलेले. मात्र त्यांची बदली जुन्या नियमाखाली झाली होती. आल्यावर एक वर्ष सामने न खेळता नुसता सराव करत बसावं लागलं होतं. ज्या नियमाला आम्ही मघाशी अन्याय म्हटलं, त्यानेच त्यांना ती भाषा शिकायला एक वर्ष दिलं! तुरुंगात असताना संस्कृत शिकलेल्या माणसासारखं झालं हे. संस्कृत खरं, म्हणून तुरुंग चांगला, असं कुणी म्हणू नये. पण संस्कृत कुठे शिकलास, हे विसरूनही चालणार नाही.

मागच्या रांगेत काय झालं ते सांगायचं राहिलं. मध्यांतरात नातवाने आजोबांना विचारलं, तुम्हाला त्या संघातला कुणी सोडून गेलेला आठवतो का? आजोबा म्हणाले, बर्ड. आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, म्हणाले, त्याला तेव्हा कुणी नावं ठेवली नाहीत असं नाही, मीही ठेवली होती. नातू काही बोलला नाही. मैदानावर मुलं परत आली, पट्ट्यांच्या विजारी काढून ठेवल्या, आणि आजोबा पुन्हा मोठमोठ्याने ओरडायला लागले. नावं पाठ नव्हती, म्हणून नंबर घेऊन ओरडत होते.

या संघाबद्दल आणखी काही बोलणं बरं नाही. आता घड्याळाकडे बघून कुणीतरी खूण करतंय. प्रश्न घेऊ या.